‘कबूल आहे’ म्हणण्याआधी आरोपीसमोर हिशोब मांडा

प्रति,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई
आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लोकअभिरक्षक कार्यालयांतील सहकारी वकील

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला वकिली करतो. हे पत्र तुम्हालाच लिहिण्याचे कारण असे, की ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांचे वकीलपत्र बहुतेक वेळा तुमच्या पॅनेलवरच्या किंवा गरजू आरोपींना मोफत बचाव पुरवणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या वकिलाकडे असते. ज्यांचे वकीलपत्र कुणाकडेच नसते, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारीही कायद्याने तुमच्यावरच टाकली आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, असे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ सांगते.

विषय गुन्हा-कबुलीचा आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दोषारोप वाचून दाखवला जातो, ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले जाते, आणि कित्येक महिने एमसीआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत, काढलेला माणूस ‘कबूल’ म्हणून टाकतो. त्याला सुटायचे असते. बरॅकमध्ये कुणीतरी सांगितलेले असते, की कबूल केलेस की भोगलेली शिक्षा देतात आणि संध्याकाळी सोडतात. बऱ्याचदा तसे होतेही. पण त्या एका उत्तराने आपण काय गमावले, बदल्यात कायद्याने काय मिळायला हवे होते, शिक्षा चुकीची झाली तर अपील कुठे आणि किती दिवसांत करायचे, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की कबुलीच्या आधी हा सगळा हिशोब त्याला कळेल अशा भाषेत, लेखी, त्याच्यासमोर मांडला गेला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तुमच्या अखत्यारीत हे उद्यापासून होऊ शकते.

एक प्रकरण सांगतो. अपील प्रलंबित आहे, म्हणून गाव आणि कोर्ट सांगत नाही. बांधकामावर बिगारी काम करणारा, तेविशीतला मुलगा. परजिल्ह्यातून आलेला, आईबाप ऊसतोडीला जाणारे. साइटवरच्या सेंट्रिंगच्या प्लेटा उचलून भंगारवाल्याला विकल्या, असा आरोप. प्लेटा दुसऱ्याच दिवशी भंगाराच्या दुकानातून जप्त झाल्या आणि ठेकेदाराला सुपूर्तनाम्यावर सगळ्याच्या सगळ्या परत मिळाल्या. मुलावर आधीचा एकही गुन्हा नाही. जामीन मंजूर झाला, पण त्या शहरात त्याला जामीनदार कोण राहणार? सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, कुठून आणणार? पाच-सहा महिन्यांनी आरोप निश्चित झाला, त्याच दिवशी त्याने कबूल म्हटले, आणि भोगलेली शिक्षा व किरकोळ दंड असा निकाल होऊन तो बाहेर आला. सगळ्यांना बरे वाटले. त्यालाही वाटले.

नंतर कागद माझ्याकडे आले तेव्हा मी फिर्याद आणि जप्ती पंचनामा शेजारी शेजारी ठेवून वाचले. फिर्यादीत ठेकेदाराने प्लेटांची किंमत साडेसहा हजार सांगितलेली. पंचनाम्यात त्याच प्लेटांची, तेवढ्याच नगांची किंमत चार हजार आठशे. वरवर पाहता फरक किरकोळ आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) चे परंतुक असे आहे, की चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तुरुंगाची नाहीच. शिवाय पाच हजारांच्या आतली अशी चोरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे साडेसहा हजार खरे की चार हजार आठशे, या एका प्रश्नावर त्या मुलाचे सगळे महिने उभे होते. हा प्रश्न कोर्टात कुणी विचारलाच नाही. विचारायला वेळच उरला नव्हता, कारण मुलगा ‘कबूल’ म्हणून मोकळा झाला होता. रोजनाम्यात एक ओळ आहे, की आरोपीस परिणाम समजावून सांगितले आणि त्याने स्वेच्छेने गुन्हा कबूल केला. कोणते परिणाम, ते लिहिलेले नाही.

ते परिणाम कोणते, हे त्याला काही महिन्यांनी कळले. त्याच भागात पुन्हा एक चोरी झाली आणि पोलिसांनी रेकॉर्डवरचा आरोपी म्हणून पहिल्यांदा त्याला उचलले. आता चोरीचे कलम तेच असले तरी हिशोब वेगळा आहे. कलम ३०३(२) खाली दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची ही सवलत गेली. तो आता अर्ध्या काळापर्यंत थांबणार. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५७ खाली तडीपारीचा प्रस्ताव करायला पोलिसांना मालमत्तेच्या गुन्ह्यातली दोषसिद्धी लागते, ती त्याने स्वतःच्या तोंडाने दिलेली आहे. पोलीस पडताळणीत ती दिसणार. वॉचमनची नोकरीसुद्धा आता अवघड.

पारधी आणि इतर विमुक्त वस्त्यांतल्या तरुणांच्या बाबतीत हे आणखी जड जाते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाची सुई अजून त्याच वस्त्यांकडे वळते. तुरुंग नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. अशा वस्तीतल्या मुलाने एकदा घाईत कबूल म्हटले, की ‘सराईत’ हा शिक्का पुढची अनेक वर्षे पुसला जात नाही.

आता कायद्याने ठेवलेल्या दुसऱ्या रस्त्याबद्दल. साधी कबुली नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६४ खाली होते. न्यायदंडाधिकारी कबुली नोंदवतात आणि विवेकाधिकाराने दोषी ठरवतात. विवेकाधिकाराने, म्हणजे कबूल म्हटले की दोषी ठरवलेच पाहिजे असे बंधन नाही. अजमल कसाबने जुलै २००९ मध्ये भर कोर्टात गुन्हा कबूल केला, तरी विशेष न्यायालयाने त्यावर खटला गुंडाळला नाही. साक्षीपुरावे सुरू ठेवले आणि मग निकाल दिला. देश हादरवणाऱ्या खटल्यात एवढी काळजी घेता येते, तर सेंट्रिंगच्या प्लेटांच्या खटल्यात किमान पंचनामा वाचून पाहता येईल. साध्या कबुलीत शिक्षेची सूट किती, याचा कुठलाही ठरलेला आकडा नाही. सगळे त्या दिवशीच्या कोर्टावर.

दुसरा रस्ता प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे ठरलेल्या सवलतीच्या बदल्यात वाटाघाटीने दिलेल्या कबुलीचा. तो आपल्या कायद्यात ५ जुलै २००६ पासून आहे, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या प्रकरण २३ मध्ये, कलम २८९ ते ३०० यांत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना तो लागू आहे. स्त्रियांविरुद्धचे गुन्हे, मुलांविरुद्धचे गुन्हे आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून केंद्राने अधिसूचित केलेले कायदे त्यातून वगळलेले आहेत, आणि ते वगळणे योग्यच आहे. या रस्त्यावर सूट कलम २९३ मध्ये आकड्यांत लिहिलेली आहे. किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिच्या निम्मी, पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला एक चतुर्थांश. किमान शिक्षा नसेल तर कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश, पहिल्यांदाच असेल तर एक षष्ठांश. कमाल तीन वर्षे असलेल्या चोरीत पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला सहा महिने. घरातल्या चोरीत, जिथे कमाल सात वर्षे आहेत, तिथे चौदा महिने. कोठडीत काढलेले दिवस त्यातून वजा. आणि त्याहून महत्त्वाचे, प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, देता येत असेल तर त्यावरही सोडता येते. प्रोबेशनवर सुटलेल्याला प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट, १९५८ च्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. वॉचमनच्या नोकरीचा प्रश्न इथेच सुटला असता.

या रस्त्याला एक दार आहे आणि ते लवकर बंद होते. आरोप निश्चितीपासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. सोबत आरोपीचे प्रतिज्ञापत्र लागते, की शिक्षा काय आहे हे समजून, स्वेच्छेने अर्ज करतो आहे आणि याच गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेलो नाही. नंतर न्यायाधीश त्याला इतर कुणालाही हजर न ठेवता, बंद दाराआड विचारतात, की हे खरोखर तुझ्या मनाने आहे का. मग पोलीस, सरकारी अभियोक्ता, आरोपी आणि फिर्यादी मिळून तोडगा काढतात, त्याला साठ दिवसांची कमाल मुदत. फिर्यादीला नुकसानभरपाई मिळते. साध्या कबुलीत फिर्यादीला बोलावतही नाहीत. ज्याची मोटरसायकल गेली त्याला निकाल लागल्याचे कुणाकडून तरी कळते. फिर्यादीसाठीसुद्धा दुसरा रस्ता अधिक न्यायाचा आहे.

तरीही हा रस्ता जवळजवळ ओस आहे. देशात दरवर्षी निकाली निघणाऱ्या फौजदारी खटल्यांत त्याचा वाटा एक टक्क्याच्याही आतला आहे. कारण उघड आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, नोटीस, बैठक, अहवाल, एवढे सगळे कुणी करायचे? साधी कबुली एका तारखेत संपते. वकिलाची तारीख वाचते, कोर्टाचा बोर्ड हलका होतो, पोलिसांच्या दोषसिद्धीत एकाची भर पडते. तीस दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले, हे तुरुंगातल्या माणसाला कळत नाही. समन्स खटल्यात तर रीतसर दोषारोपच नसतो, तिथे हे तीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? याबद्दल प्राधिकरणानेच उच्च न्यायालयाकडून स्पष्ट सूचना मागून घ्यावी.

आपल्याकडे या कल्पनेचा इतिहास वेगळ्या बाजूने सुरू झाला, हे तरुण वकिलांना सांगितले पाहिजे. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७६ च्या निकालात खुरासणीच्या तेलातली भेसळ होती. व्यापाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, खालच्या कोर्टाने हलक्यावर सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी अशा सौद्यावर कोरडे ओढले. १९८० मध्ये गुजरातच्या कासमभाई प्रकरणात, तेही भेसळीचेच, न्यायमूर्ती भगवतींनी तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला आणि निर्दोष माणूससुद्धा खटल्याच्या कटकटीला कंटाळून कबूल म्हणेल, ही भीती बोलून दाखवली. त्या काळात चिंता अशी होती, की पैसेवाला थोडक्यात सुटतो. आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो तो जामीनदार न मिळालेला माणूस. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. पण विधी आयोगाने १९९१ च्या १४२ व्या अहवालात सवलतीची शिफारस केली तेव्हा त्यांच्यासमोर वर्षानुवर्षे तुंबलेले खटले आणि त्यात अडकलेले कच्चे कैदी होते. ज्यांच्यासाठी ही सोय केली, तिची माहिती त्यांनाच नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये हे उघडपणे चालते, म्हणून तिथला दाखला देतो. तिथल्या शिक्षा परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे १ जून २०१७ पासून लागू आहेत. पहिल्याच टप्प्यावर कबूल केले तर शिक्षेत एक तृतीयांश सूट, त्यानंतर केले तर एक चतुर्थांश, आणि उशीर होईल तशी सूट उतरत जाऊन खटल्याच्या पहिल्या दिवशी एक दशांश. आरोपीला हा आकडा कबुलीच्या आधी वकिलाकडून कळतो. त्या पद्धतीवरही टीका होते आणि ती मला पटते. सूट जितकी मोठी तितका निर्दोष माणसावर दबाव मोठा. पण तिथे किमान सूट किती ते त्याला माहीत असते, आणि शिक्षा जास्त झाली असे वाटले तर क्राउन कोर्टाच्या निकालाविरुद्ध अठ्ठावीस दिवसांत परवानगी मागायची, हेही माहीत असते. आपल्याकडे दबाव आहेच, जामीनदार नसण्याचा. सूट मात्र बहुतेकांना मिळत नाही आणि अपिलाची वाट दाखवणारा कुणी नसतो.

अपिलाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुरुंगात सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. बरॅकमध्ये सांगतात, की कबूल केलेस म्हणजे संपले, आता अपील नाही. हे अर्धे खरे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे सत्र न्यायालयासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही, पण शिक्षा किती झाली आणि ती कायदेशीर आहे का, यावर करता येते. सेंट्रिंगच्या प्लेटांचे अपील याच कलमाखाली दाखल आहे. शिक्षा सामुदायिक सेवेची असायला हवी होती, हा मुद्दा शिक्षेच्या कायदेशीरपणाचाच आहे. प्रोबेशन देता येत असूनही दिले नाही आणि त्याची कारणेही नोंदवली नाहीत, हा मुद्दाही तिथे घेता येतो. कलम ४०२ ती कारणे मागते. प्ली बार्गेनिंगमध्ये मात्र कलम २९५ प्रमाणे अपील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खालची विशेष अनुमती आणि अनुच्छेद २२६, २२७ खालची रिट याचिका एवढेच उरते. म्हणजे ठरलेली सूट हवी असेल तर अपील सोडावे लागते. हा व्यवहार माणसाने डोळे उघडे ठेवून करायला हवा. एकाला दुसरा रस्ता बरा, तर दुसऱ्याला खटला लढवणेच बरे. पण निवड त्याची असली पाहिजे.

बरॅकमधला दुसरा गैरसमज, अपील केले तर शिक्षा वाढते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, कलम ४२७ तसे बजावते. वाढवायची तर राज्याला कलम ४१८ खाली वेगळे अपील करावे लागते किंवा नोटीस देऊन रिव्हिजन, म्हणजे वरच्या कोर्टातली फेरतपासणी, चालवावे लागते. आणि हलक्या शिक्षेचे आश्वासन देऊन कबुली घ्यायची, मग वरच्या कोर्टात शिक्षा वाढवायची, हे अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने थिप्पास्वामी प्रकरणात फार पूर्वीच सांगितले आहे. अशा वेळी आरोपीला कबुली मागे घेऊन खटला लढवायची संधी द्यावी लागते. हे वाक्य प्रत्येक तुरुंगाच्या सूचना फलकावर लावण्यासारखे आहे.

मुदतीचेही तसेच. सत्र न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात साठ दिवस, नकलेला लागलेला वेळ वगळून. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल ताबडतोब आणि फुकट द्यायची असते. तुरुंगातून अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते, त्याला कोर्ट फी नको, वकीलही हजर लागत नाही. हे सगळे होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालापासून आपल्याच राज्याला सांगितले गेले आहे. त्या प्रकरणात सत्र न्यायालयाने दिलेली कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली. निकालाची नक्कल येरवडा कारागृहात पोहोचली होती. कैद्याचे म्हणणे होते, की मला ती मिळालीच नाही. तुरुंगाचे म्हणणे होते, की दिली होती, पण दयेच्या अर्जासाठी परत घेतली. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा चार वर्षांहून जास्त काळ लोटला होता आणि शिक्षा भोगून संपली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्या निमित्ताने तुरुंगांना घालून दिलेले नियम साधे होते. नक्कल वेळेवर कैद्याच्या हातात द्या, पोच लेखी घ्या, अपिलासाठी वकील द्या. आज किती तालुक्यांच्या सबजेलमध्ये नकलेची लेखी पोच सापडेल, हे प्राधिकरणाने एकदा तपासून पाहावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले. सिंधुदुर्गपासून सोलापूरपर्यंतच्या सहा जिल्ह्यांतल्या नातेवाइकांची मुंबईची वारी वाचली. पण अपील करता येते हेच ठाऊक नसलेल्या माणसाला कोर्ट जवळ आले काय आणि लांब राहिले काय, सारखेच.

मला काय हवे आहे ते आता सरळ लिहितो.

आरोप निश्चितीच्या आधी लोकअभिरक्षकाने आरोपीशी एकांतात बोलावे. व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर), मागे हवालदार उभा असताना नाही. त्या बोलण्यात एक छापील पान त्याच्या हाती द्यावे. त्यावर त्याच्या गुन्ह्याची कमाल आणि किमान शिक्षा, त्याने आत काढलेले दिवस, कलम ४७९ प्रमाणे तो कधी सुटू शकतो ती तारीख, प्ली बार्गेनिंगमध्ये होणारी शिक्षा, अर्जाची शेवटची तारीख, प्रोबेशन मागता येते की नाही, साध्या कबुलीचे पुढचे परिणाम आणि अपिलाची मुदत, एवढे लिहिलेले असावे. पान मराठी, हिंदी, उर्दूत असावे. वाचता न येणाऱ्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवणारा विधी स्वयंसेवक असावा. गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिली. पानावर वकिलाची सही असावी आणि ते प्रकरणात निशाणी म्हणून, म्हणजे क्रमांक दिलेला कागद म्हणून, दाखल व्हावे. म्हणजे पुढे कुणी अपिलात आले तर परिणाम समजावले का, हा प्रश्न रोजनाम्यातल्या एका ओळीवर अडणार नाही.

राष्ट्रीय लोकअदालतीला जोडून कबुलीच्या विशेष मोहिमा होतात. वाहतुकीचे चलन, किरकोळ दंडाची प्रकरणे, यांत त्या उपयोगी आहेत आणि त्या राहाव्यात. पण चोरी, मारामारी, ज्यात दोषसिद्धी पुढे आयुष्यभर मागे लागते, अशी प्रकरणे त्या यादीतून काढा. निकाली प्रकरणांचा आकडा वाढवण्यासाठी कुणाच्या नावावर दोषसिद्धी चढू नये.

त्याच्याही आधी जामीन. मंजूर होऊनही सात दिवसांत न सुटलेल्या कैद्याची माहिती तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायची, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिला आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. या दोन गोष्टी नीट चालल्या, तर सुटण्यासाठी म्हणून कबूल म्हणणारे निम्मे तरी थांबतील असे मला वाटते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतले शंभरातले जवळजवळ शहात्तर बंदी कच्चे कैदी होते. कबुलीचा दबाव त्यांच्यावरच येतो.

आणि शिक्षा झाल्यावर आठवड्याच्या आत विधी स्वयंसेवकाने तुरुंगात जाऊन नक्कल मिळाली का, अपील करायचे का, हे विचारावे. कबुलीवर त्याच दिवशी सुटलेल्यांचे काय, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतो आहे. ते तुरुंगात नसतात, म्हणून कुठल्याच भेटीच्या यादीत नसतात. निदान कोर्टातून बाहेर पडताना नकलेसोबत अपिलाची शेवटची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक त्यांच्या हाती पडावा.

बोर्डावर शंभर-दीडशे प्रकरणे असलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांची अडचण मी रोज पाहतो. लोकअभिरक्षकांची संख्या अपुरी आहे, हेही मान्य. पण पान भरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. चोरीच्या दुसऱ्या प्रकरणात किमान एक वर्षाच्या शिक्षेची टांगती तलवार घेऊन तो मुलगा आता आत आहे. त्याच्यासाठी ती पंधरा मिनिटे कुणीतरी काढायला हवी होती.

आमच्या जिल्ह्यात हे पान वापरून पाहण्याची परवानगी द्या. कलमांचा तक्ता, मुदतींचा हिशोब आणि मराठी मजकूर यांचा पहिला मसुदा मी आणि बारमधले काही सहकारी विनामोबदला लिहून देऊ. तपासून, दुरुस्त करून पुढच्या लोकअदालतीच्या आत तो छापून घ्यावा, ही विनंती.

आपला,
जिल्हा न्यायालयातील एक फौजदारी वकील